पोचताना किती वेग उरतो?

चि. सायली हिस,


तुला यंदा कोलोरॅडोत एल्कच्या मादीचा टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, लागल्याचं तुझ्या आईकडून कळलं, आणि पाठोपाठ तुझा तक्ताही आला. तुझ्या ६.५ क्रीडमूर काडतुसासाठी मिळणाऱ्या गोळ्या, प्रत्येकीचं वजन, किंमत, बॅलिस्टिक कोएफिशंट म्हणजे बीसी, आणि सगळी यादी बीसीच्या उतरत्या क्रमानं लावलेली. खाली एकच ओळ: "मामा, सातशे यार्डांसाठी वरच्या तीनपैकी कुठली घेऊ?" तक्ता मेहनतीनं केलेला आहे हे दिसतंच. पण तो लोखंडी पाटीवर नेम धरणाऱ्याच्या कामाचा आहे. तुझ्यासमोर पाटी नसणार, दोनशे-सव्वादोनशे किलोचं जिवंत जनावर असणार. म्हणून सविस्तर लिहितोय. निवांत वाच.

आधी बीसीबद्दल, कारण तुझ्या तक्त्यात तिथेच एक गफलत झाली आहे. गोळी हवेतून जाताना वेग किती टिकवते याचा तो आकडा. जास्त बीसी म्हणजे वेग कमी घटतो आणि वाऱ्यानं गोळी कमी ढळते. पण तो एका ठरावीक प्रमाण-आकाराच्या तुलनेत मोजतात, आणि असे प्रमाण दोन चालतात, जी-१ आणि जी-७. हॉर्नडीची १४३ ग्रेनची ईएलडी-एक्स जी-१नं ०.६२५ आणि जी-७नं ०.३१५. गोळी तीच! तू काही कंपन्यांचे जी-१ आणि काहींचे जी-७ आकडे एकाच रकान्यात घातलेस, त्यामुळे दोन चांगल्या गोळ्या उगाच तळाला गेल्या. लांब नाकाच्या आणि निमुळत्या बुडाच्या आजच्या गोळ्यांना जी-७ जास्त नीट लागू पडतो, तेव्हा सगळे आकडे त्यातच घे. छापील आकड्यावर डोळे मिटून विसंबूही नकोस. हॉर्नडीनं डॉपलर रडारवर गोळ्यांचा पूर्ण प्रवास मोजला, तेव्हा जुन्या प्लास्टिकची टोकं हवेच्या घर्षणानं तापून मऊ होतात आणि वाटेतच बीसी उतरतो असं त्यांना आढळलं. २०१५ साली ईएलडी-एक्स नव्या उष्णतारोधक टोकानिशी आली ती त्यामुळेच. डोंगरावर तुझ्या नळीतून गोळी खरोखर किती खाली येते, हे तुलाच मारून पाहावं लागेल.

तर बीसीचं काम गोळीला जनावरापर्यंत नेण्याचं. कातड्याला टेकल्यापासून पुढच्या दीड-दोन फुटांत ती काय करते, त्यावर जनावर काही सेकंदांत कोसळणार की रात्रभर कुठल्या तरी ओढ्यात धापा टाकत पडणार हे ठरतं. शिकारीची गोळी आत शिरल्यावर उमलली पाहिजे. पुढचं टोक मागे वळून तिची अळंबी झाली पाहिजे, म्हणजे फुफ्फुसातून जाताना ती रुंद वाट फाडते आणि रक्तदाब झपाट्यानं कोसळतो. आणि उमलायला वेग लागतो. प्रत्येक गोळीचा एक किमान वेग असतो, त्याखाली ती उघडतच नाही. नॉस्लर आपल्या ॲक्युबाँडसाठी सेकंदाला १८०० फूट सांगते, लाँग रेंज ॲक्युबाँडसाठी १३००. हा रकाना तुझ्या तक्त्यात नाहीच. माझ्या लेखी तो पहिला हवा.

आता ईएलडी-एक्सचंच गणित घे. क्रीडमूरच्या नळीतून ती सेकंदाला २७०० फुटांनी निघते. कंपनीच्याच तक्त्यात ३०० यार्डांवर २२८५ उरतात, ५०० वर २०३०. तसंच पुढे मोजत गेलं तर ७०० च्या आसपास १८००. हे आकडे समुद्रसपाटीच्या हवेतले. आपण ९००० फुटांवर असू, तिथली हवा विरळ, म्हणून वेग जास्त टिकतो आणि आकडे थोडे तुझ्या बाजूनं सरकतात. पण कंपनीचा किमान वेग जेलीच्या ठोकळ्यात पारखलेला असतो. डोंगरातल्या जनावराच्या अंगावर चिखलानं माखलेली केसाळ कातडी असते, बरगड्या असतात, ते तिरकं उभं असतं. म्हणून कंपनी सांगेल त्यात मी नेहमी २०० फूट मिळवतो आणि तिथेच थांबतो.

तू विचारशील की कायदा काय म्हणतो. कोलोरॅडोत एल्कसाठी उमलणारीच गोळी लागते, किमान ८५ ग्रेनची, आणि १०० यार्डांवर तिच्यात १००० फूट-पाउंड ऊर्जा असावी लागते. तुझी कुठलीही गोळी याच्या जवळपास दुप्पट ऊर्जा दाखवेल. उलट हिशेब केला तर ईएलडी-एक्समध्ये ७०० यार्डांवरही जेमतेम १००० उरतात. त्या आकड्याच्या भरवशावर लांबून बार टाकणारे लोक मी पाहिले आहेत. पण न उमललेल्या गोळीतही तेवढीच ऊर्जा असते. ती ऊर्जा बरीचशी तशीच घेऊन गोळी पलीकडून बाहेर पडते आणि मागच्या मातीत जाते.

जाता जाता एक सांगतो. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात इंग्रजांनी १८९०च्या दशकात उमलणारी गोळी बनवली, म्हणून जगभर तिला डमडम म्हणू लागले. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरायला बंदी आली, कारण त्यांची जखम फार क्रूर. शिकारीत मात्र तीच गोळी कायद्यानं सक्तीची, आणि तिथलं कारणही दयेचंच आहे. सैनिक जखमी झाला तर त्याला उचलून नेणारं कुणी असतं. एल्कला उचलून नेणारं कुणी नाही.

मागे एका हंगामात आमच्या शेजारच्या तळावरच्या एकानं दरीपलीकडच्या मादीवर फार लांबून बार टाकला. गोळी स्पर्धेची, बीसी उत्तम. मादी दचकली, चार पावलं चालली आणि झाडीत शिरली. संध्याकाळ झाली, रक्ताचा माग जवळजवळ नव्हताच. दुसऱ्या सकाळी आम्ही तिघं-चौघं शोधायला गेलो तेव्हा ती ॲस्पेनच्या झाडीत सापडली. कातडी सोलली तर अलीकडच्या दोन बरगड्यांच्या मधून पेन्सिल जाईल एवढंसं भोक, पलीकडेही तेवढंच. फुफ्फुसातून बोटभरही रुंद नाही अशी वाट, भोवती थोडं काळपटलेलं मांस. नेम चुकला नव्हता. गोळी उघडलीच नव्हती. आणि रात्रभर पोट न फाडता राहिल्यानं मांडीच्या हाडापाशी मांस आंबलं होतं. सुरी लावताच वास आला. सिएरा आपल्या मॅचकिंग गोळ्यांबद्दल स्वतःच सांगते की त्या शिकारीसाठी सुचवत नाही. स्पर्धेच्या काही गोळ्या आत जाऊन भयंकर फुटतात आणि जनावर जागीच पडतं, हेही खरं, आणि तसा अनुभव सांगणारे खोटं बोलत नाहीत. पण एका वेळी फुटणारी आणि पुढच्या वेळी तशीच आरपार जाणारी गोळी मला तुझ्या बंदुकीत नको आहे.

आता याची दुसरी बाजू, जी लांबच्या माराच्या गप्पांत नेहमी मागे पडते. तू सातशेची तयारी करून जाशील आणि एल्क साठ यार्डांवर स्प्रूसच्या दाट झाडीतून उठेल. तिथे तीच गोळी सेकंदाला २६०० फुटांहून जास्त वेगानं फऱ्याच्या हाडावर आदळेल. लांबवर सहज उघडावी म्हणून मऊ केलेली गोळी तिथे फऱ्यातच चुरा होऊ शकते, आणि फुफ्फुसापर्यंत काही पोचतच नाही. जॉन नॉस्लरनं १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात चिखलानं माखलेल्या मूसवर गोळ्या झाडल्या. त्या आत शिरायच्या आधीच फुटत होत्या. त्या चिडीतून त्यानं मधोमध तांब्याची भिंत असलेली पार्टिशन गोळी काढली: पुढचं शिसं फुलायचं, मागचं भिंतीआड अखंड राहून खोल जायचं. १९४८ पासून ती विकली जाते आणि आजही अनेक जुने शिकारी तिच्यापलीकडे बघत नाहीत. तिचा बीसी तुझ्या तक्त्यात तळाशी आहे. हॉर्नडी स्वतःच सांगते की ईएलडी-एक्स ४०० यार्डांच्या आत ५० ते ६० टक्के वजन राखते आणि त्यापुढे ८५ ते ९० टक्के. म्हणजे जवळून तिचं निम्म्याच्या आसपास शिसं जनावराच्या मांसात पसरतं. बर्गरच्या गोळ्यांचा तर बेतच तो, काही इंच आत जाऊन फुटायचं. बरगड्यांमधून, जनावर आडवं उभं असताना, हे सगळं झकास चालतं. फऱ्याच्या हाडावर किंवा तिरक्या कोनात मला त्यांची खात्री वाटत नाही.

आणि सातशे यार्डांबद्दल. सायली, हा आकडा तुझ्या मनात कुठून आला ते मला ठाऊक नाही, पण त्याचा वाऱ्याशी हिशेब घालून बघ. ताशी १० मैलांचा आडवा वारा ईएलडी-एक्सला ४०० यार्डांवर नऊएक इंच ढकलतो आणि ७०० वर तीसेक. दरीपलीकडचा वारा कुणालाच नेमका दिसत नाही, चांगल्या माणसाचाही अंदाज ताशी तीन मैलांनी चुकतो. ती चूक ४०० वर तीन इंचांची, ७०० वर नऊ इंचांची. एल्कच्या फुफ्फुसांचा पट्टा साधारण पंधरा इंच धर. मधोमध नेम धरला तर चुकायला साडेसात इंच मिळतात. नऊ इंच म्हणजे गोळी कोथळ्यात. शिवाय ७०० यार्ड जायला गोळीला जवळपास एक सेकंद लागतो, आणि चरणाऱ्या जनावराला पाऊल टाकायला तेवढा पुरतो. कुठल्याही बीसीनं हे मिटत नाही. थिओडोर रूझवेल्टनं १८८७ साली स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबची मंडळी 'फेअर चेस'चा आग्रह धरतात, जनावराला निसटायची खरी संधी असली पाहिजे म्हणून. मी त्यांच्याच बाजूचा. पण तुला मी नीतीचा धडा देत नाहीये, इंच दाखवतोय.

गोळी पारखायची कशी, हे तुला इतर कुणी क्वचितच सांगेल, म्हणून जरा तपशिलात लिहितो. दुधाचे गॅलनचे रिकामे कॅन पाण्यानं भरून एका ओळीत ठेव, मागे भिजवून घट्ट बांधलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे. पाण्यात गोळी मांसापेक्षा जास्त उमलते, त्यामुळे जी पाण्यातही नीट उघडत नाही ती सरळ बाद कर. पण हे १०० यार्डांवर करून काही कळत नाही. तुला ज्या अंतरावर मारायचं त्याच अंतरावर कर, ४०० वर असेल तर ४०० वर. काही जण काडतुसात दारू कमी भरून जवळूनच लांबचा वेग साधतात. त्यात एक खोट आहे. तुझ्या १:८ आट्यांच्या, म्हणजे आठ इंचांत एक पीळ असलेल्या, नळीतून २७०० फुटांनी निघालेली गोळी मिनिटाला सुमारे २,४३,००० वेळा फिरते, आणि पुढचा वेग घटला तरी हे फिरणं फारसं घटत नाही. तीच १८०० फुटांनी सोडली तर १,६२,००० वेळाच फिरते. उमलायला त्या फिरण्याची मदत होते, म्हणून कमी दारूची गोळी खऱ्यापेक्षा कमी उघडलेली दिसते. आणि कमी दारू म्हणजे छापील मॅन्युअलमध्ये असेल तेवढीच, स्वतःच्या अंदाजानं अजिबात नाही.

गटाबद्दल: तीन गोळ्यांचा लहानसा गट बघून खूष होऊ नकोस, तो योगायोगानंही पडतो. दहाचा मार. आणि दर वेळी रेंजवर गेल्यावर गार नळीतून पहिली गोळी कुठे लागते ते वेगळ्या कागदावर मांड, कारण एल्कला तीच गोळी मिळणार आहे.

मग खरी परीक्षा, जनावर पडल्यावरची. कातडी सोलताना घाई करू नकोस. गोळी कुठून शिरली, कुठलं हाड लागलं, फुफ्फुसातली वाट किती रुंद, बाहेर पडली की पलीकडच्या कातडीखाली अडकली, जनावर किती चाललं, अंतर आणि कोन काय होता, सगळं तिथेच लिहून काढ. सापडलेली गोळी लोक तराजूवर घालतात आणि "९५ टक्के वजन राखलं" म्हणून मिरवतात. न उमललेली गोळी १०० टक्के वजन राखते, हे कुणी बोलत नाही! शिवाय आरपार गेलेल्या गोळ्या सापडतच नाहीत. डबीत जमा झालेल्या गोळ्या म्हणजे फक्त आत अडकलेल्या. त्यावरून ब्रँडबद्दल मत बनवणाऱ्यांचं ऐकताना हे लक्षात ठेव. जखम बघ, गोळी नंतर.

शेवटचा मुद्दा तुझ्या घरचा. ते मांस तुझी चिमुरडी खाणार आहे. शिशाची गोळी फुटते तेव्हा बारीक कण जखमेपासून बरेच दूर जातात, हरणांच्या क्ष-किरण चित्रांत ते ठिपक्यांसारखे दिसतात. डोळ्याला दिसत नाहीत, धुऊन जात नाहीत. २००८ साली नॉर्थ डकोटात गरिबांना वाटायला दिलेल्या हरणाच्या मांसात शिसं सापडलं आणि आरोग्य खात्यानं ते टाकून द्यायला सांगितलं. लहान मुलांसाठी शिशाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. आणि जे आपण डोंगरात सोडून येतो ते गरुड आणि गिधाडं खातात. कॅलिफोर्नियात कॉन्डर एकेकाळी अवघे २२ उरले होते, शिशाची विषबाधा हा त्यांचा मोठा काळ, आणि तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. हे लिहिताना मला आपल्या रायगडातली, चिरगावची गिधाडं आठवतात. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकनं देशभरची गिधाडं मेली तेव्हा कुणाला त्यांना मारायचं नव्हतं, मेलेल्या जनावरात काय उरतं हे कुणी बघितलं नव्हतं एवढंच. आपल्याला माहीत आहे.

तुझी आई फोनवर मला विचारते, मारायचंच कशाला. तिचा प्रश्न रास्त आहे आणि आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली ते योग्यच झालं. इथलं गणित वेगळं आहे. किती जनावरं घ्यायची ते दरवर्षी वन्यजीव खातं ठरवतं, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका-काडतुसांवरच्या करातून त्याच जनावरांच्या रानाला पैसा जातो. तिला पटेल असं नाही. पण जो हे करतो त्यानं ते कमीत कमी वेदनेत करावं, एवढं ती नक्की मान्य करेल.

तर माझं उत्तर. तुझ्या यादीत जी-१नुसार ०.४६८ बीसीची, म्हणून खालच्या अंगाला पडलेली, बार्न्सची १२७ ग्रेनची एलआरएक्स घे. अख्खी तांब्याची, शिसं नाही. साठ यार्डांवर फऱ्याच्या हाडातूनही जाईल आणि तुकडे होणार नाहीत. तांबं शिशाहून हलकं, म्हणून वजनाच्या मानानं गोळी लांब असते आणि तिला जास्त पिळाचे आटे लागतात. तुझ्या १:८ ला ती अडचण नाही. क्रीडमूरच्या नळीतून ती सेकंदाला २८०० फुटांच्या आसपास निघते आणि ४०० यार्डांवर २००० च्या वर राहते, आपल्या उंचीवर आणखी थोडी वर. तांबं मंद वेगाला उघडायला कंटाळतं, म्हणून ४०० हीच तुझी शेवटची रेषा. नेम मधल्या बरगड्यांत नको, जरा पुढे, फऱ्याला लागून धर. तांब्याला थोडा प्रतिकार मिळाला की ते जास्त चांगलं उमलतं. तुझ्या नळीला ती मानवली नाही, दहाचा गट सैल आला, तर मला सांग, आपण नॉस्लरची ॲक्युबाँड बघू आणि फऱ्याभोवतीचं मांस सढळ हातानं कापून टाकू.

दुकानातून एकाच लॉट नंबरचे चार डबे एकदम उचल, नंतर तोच लॉट मिळत नाही. बेंचवरून शून्य करून झालं की बेंच सोड. बसून आणि काठीच्या आधारानं, चालत येऊन धाप लागलेली असताना मार, दहा इंचांच्या ताटलीवर. जिथपर्यंत प्रत्येक पहिली गोळी ताटलीत बसते तिथपर्यंतच तुझं अंतर, ते २५० निघालं तर २५०. पुढच्या महिन्यात वारं सुटलेल्या दिवशी ३०० वर काय होतंय ते मला कागदासकट पाठव. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी गनिसनला असेन, कुठल्या उतारावर बसायचं ते तेव्हा नकाशावर ठरवू. तुझ्या आईला नमस्कार आणि चिमुरडीला गोड पापा.

तुझा,
मामा